दोन ऑप्शनवर येऊन गाडी अडते : युक्तिवादाची पद्धत ओळखताना होणारी चूक कशी शोधायची

अमळनेरला एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी लॉजिकल रीझनिंग घेतो. क्लॅटची (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) मुलं असतात, लॉ सीईटीची असतात, सीसॅटवाले (यूपीएससी-एमपीएससी पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर) असतात. पारोळा, चोपडा, धरणगावहून एसटीने येणारेही बरेच. अकरा वर्षांत मुलं बदलली, पेपरचे पॅटर्न बदलले, पण एक बिघाड दरवर्षी जसाच्या तसा समोर येतो. मुलाला उतारा समजतो आणि ‘लेखकाने आपलं म्हणणं कोणत्या पद्धतीने मांडलं आहे?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र चुकतं. मुलं म्हणतात, ‘सर, दोन्ही ऑप्शन बराबर वाटतस.’ हे वाक्य ऐकलं की मी पुढे काय काय तपासतो, ते आज क्रमाने लिहितोय. सोपं आणि फुकटचं आधी, वेळखाऊ नंतर. पहिल्या दोन-तीन तपासण्यांतच निम्म्या मुलांचं काम होतं, तेव्हा उगाच शेवटच्या पायरीवर उडी मारू नका.

लक्षणं

• उतारा वाचून घरच्यांना नीट सांगता येतो, तरी उत्तर चुकतं.
• चारातले दोन ऑप्शन झटकन कटतात. उरलेल्या दोनांत पाच मिनिटं जातात आणि जो सोडून दिला तोच बरोबर निघतो.
• उताऱ्यातले शब्द ज्या ऑप्शनमध्ये जास्त, तिकडे हात आपोआप जातो.
• उत्तरपत्रिका बघितल्यावर ‘हो, हेच तर होतं’ असं वाटतं. दुसऱ्या दिवशी तीच चूक.
• घरी शांतपणे दहापैकी आठ येतात, टेस्टमध्ये चार.

यातली दोन जरी जुळली तरी बिघाड हाच आहे असं समजा. पण उतारा वाचून त्यात काय लिहिलंय हेच सांगता येत नसेल, तर तो वेगळा बिघाड. त्याच्याबद्दल शेवटी लिहिलंय, थेट तिकडे जा.

वेळेचा हिशेबही ध्यानात असू द्या. क्लॅटला १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकलं की पाव गुण वजा, आणि पेपरचा साधारण पाचवा हिस्सा लॉजिकल रीझनिंगचा. म्हणजे उतारा वाचण्यासकट प्रश्नाला जेमतेम एक मिनिट. सीसॅटला ‘पद्धत कोणती’ असं थेट कमी विचारतात, गृहीतक आणि निष्कर्ष जास्त विचारतात, पण हात तोच लागतो. हा प्रश्नप्रकार सगळ्यात मुरलेला आहे तो अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या एलसॅट परीक्षेत. तिथे ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांचा विभाग काढून टाकला आणि गुण मिळणारे लॉजिकल रीझनिंगचे दोन विभाग ठेवले. सरावाला तिथले जुने प्रश्न उत्तम असतात.

पहिली तपासणी : प्रश्न नेमका काय विचारतोय?

पाच सेकंदांचं काम. प्रश्नाच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारा. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण वह्या तपासताना मी मोजतो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात. हा उतारा बघा:

‘गावच्या सार्वजनिक विहिरीवर सगळे पाणी भरतात, गाळ काढायला कोणी उतरत नाही. गावात वाचनालय निघालं तर त्याचंही तेच होईल. पुस्तकं सगळे नेतील, फाटलेलं पान चिकटवायला कोणी बसणार नाही. म्हणून वाचनालयाला पगारी माणूस हवा.’

आता दोन ऑप्शन. एक: ‘एका परिस्थितीशी साम्य दाखवून दुसऱ्या परिस्थितीबद्दल भाकीत करतो.’ दोन: ‘विहीर आणि वाचनालय यांच्यातला महत्त्वाचा फरक लक्षात घेत नाही.’ मुलं दुसऱ्यावर टिक करतात, कारण ते वाक्य खरंच आहे. विहीर आणि वाचनालय यांत फरक आहेच की! पण तो युक्तिवादाचा दोष झाला. प्रश्न पद्धतीचा होता. दोष विचारला असता तर दुसरा बरोबर होता.

‘पद्धत कोणती’, ‘दोष कोणता’, ‘अधोरेखित वाक्याचं काम काय’ आणि ‘असाच युक्तिवाद कुठे आहे’ हे चारही प्रश्न एकाच उताऱ्यावर निघू शकतात. पेपर काढणारा एका प्रश्नाचं खरं उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या ऑप्शनमध्ये मुद्दाम ठेवतो. ऑप्शनमध्ये ‘गृहीत धरतो’, ‘दुर्लक्ष करतो’, ‘गल्लत करतो’ असे शब्द दिसले की तो बहुतेक दोषाचा ऑप्शन असतो. पुन्हा वर जाऊन रेघ बघा.

दुसरी तपासणी : आपलं मत मध्ये येतंय का?

कापसाच्या आयातीच्या बाजूने लिहिलेला एक उतारा मी वर्गात दिला होता. ज्यांच्या घरी कापूस अजून साठवून पडलेला होता, त्या पाच मुलांपैकी चौघांनी ‘लेखक अपुऱ्या पुराव्यावर निष्कर्ष काढतो’ हा ऑप्शन धरला. उताऱ्यात पुरावा भरपूर होता. त्यांचा राग मला पूर्ण मान्य आहे. पण परीक्षेत लेखक बरोबर आहे का, हे कोणी विचारलेलंच नसतं. विषय जवळचा असला की त्या प्रश्नाशेजारी एक छोटा फुली मार्क करा आणि ऑप्शन दोनदा वाचा. एवढंच.

तिसरी तपासणी : ऑप्शनमधलं क्रियापद खरंच कळतंय का?

क्लॅटचा पेपर इंग्रजीतूनच असतो, आणि आपल्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. उताऱ्याचं इंग्रजी त्यांना जमतं, कारण तो गोष्टीसारखा वाहत जातो. ऑप्शन मात्र कोरडे आणि अमूर्त असतात, आणि त्यातल्या दहा-बारा शब्दांवर सगळा खेळ असतो. ते शब्द घरच्या बोलीत पक्के करा. कन्सीड म्हणजे समोरच्याचं एवढं कबूल करणं. अंडरमाइन म्हणजे म्हणण्याच्या पायाखालची माती काढणं. रिफ्यूट म्हणजे खोटं ठरवून दाखवणं, आणि चॅलेंज म्हणजे नुसती शंका घेणं. या शेवटच्या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ऑप्शन नेमका त्यावरच चुकीचा केलेला असतो. इल्यूस्ट्रेट म्हणजे उदाहरण देऊन समजावणं, जनरलाइझ म्हणजे थोड्यांवरून सगळ्यांबद्दल बोलणं, इन्फर म्हणजे दिलेल्यावरून पुढचं काढणं, प्रिझ्यूम म्हणजे न सांगता धरून चालणं. प्रेमिस म्हणजे आधार, कन्क्लूजन म्हणजे निष्कर्ष, अ‍ॅनॉलॉजी म्हणजे साम्य, काउंटरएक्झाम्पल म्हणजे नियम मोडणारं उदाहरण.

एका कार्डावर लिहून खिशात ठेवा. एसटीत दोनदा वाचलं तरी आठवड्यात पाठ होतं. काही मुलांची पद्धत ओळखण्याची समज पहिल्या दिवसापासून चांगली असते, फक्त रिफ्यूट आणि चॅलेंज त्यांना एकच वाटत असतात. अशांना पुढची एकही पायरी लागत नाही.

चौथी तपासणी : निष्कर्ष कुठे आहे, आणि बोलतंय कोण?

निष्कर्ष शेवटच्या ओळीत असतो असं मुलं धरून चालतात. निबंधात असतो, इथे बऱ्याचदा पहिल्याच ओळीत असतो.

‘रात्रीची शेवटची एसटी बंद करायला नको. तिला प्रवासी कमी असतात हे खरं. पण जे असतात ते दवाखान्यातून किंवा कामावरून परतणारे असतात, आणि त्यांना दुसरी कसलीही सोय नाही.’

शंका आली की दोन वाक्यांच्या मध्ये ‘म्हणून’ घालून दोन्ही दिशांनी वाचा. ‘दुसरी सोय नाही, म्हणून एसटी बंद करायला नको’ हे बसतं. ‘एसटी बंद करायला नको, म्हणून दुसरी सोय नाही’ हे बसत नाही. ‘म्हणून’च्या पुढे जे सहज बसलं, तो निष्कर्ष.

आणि ‘प्रवासी कमी असतात’ हे कोणाचं म्हणणं? समोरच्याचं. लेखकाने ते फक्त कबूल केलंय. आपल्याकडे शास्त्रचर्चेत याला पूर्वपक्ष म्हणतात: आधी समोरच्याची बाजू नीट मांडायची, मग आपली. मराठीत ‘हे खरं’, ‘काहींच्या मते’, ‘असं म्हटलं जातं’ इथपर्यंत पूर्वपक्ष असतो, आणि ‘पण’, ‘तरी’, ‘मात्र’ आलं की लेखक बोलायला लागतो. मी मुलांना पूर्वपक्षाभोवती कंस घालायला लावतो. कंस घातला नाही तर समोरच्याचं वाक्य लेखकाच्या तोंडी जातं, आणि मग पुढचं सगळं उलटं वाचलं जातं.

पाचवी तपासणी : ऑप्शन झाकून एक वाक्य बोलता येतंय का?

इथपर्यंत येऊनही दोन ऑप्शनवर अडत असाल, तर बिघाडाचं मूळ बहुधा इथे आहे. उतारा संपताच मूल ऑप्शनकडे धावतं. चार अमूर्त वाक्यं डोक्यात शिरतात आणि उताऱ्याचा चेहरा पुसून टाकतात. मग प्रत्येक ऑप्शन थोडा थोडा पटायला लागतो.

मी त्यांच्या ऑप्शनवर कंपासपेटीतली पट्टी ठेवतो आणि अहिराणीत विचारतो, ‘हाऊ काय करी ऱ्हायना?’ हा काय करतोय? पहिल्यांदा सगळे विषय सांगतात: ‘सर, तो एसटीबद्दल सांगी ऱ्हायना.’ मी परत विचारतो. सांगी ऱ्हायना ते समजलं, करी काय ऱ्हायना? दोन-तीनदा असं झालं की वाक्य येतं: ‘समोरच्याचं कबूल करस, आणि त्याने न मोजलेली गोष्ट पुढे ठेवस.’ झालं. आता पट्टी काढा. या वाक्याच्या जवळचा ऑप्शन आपणहून हात वर करतो.

अहिराणीत का विचारतो? घरच्या बोलीत कोणी पुस्तकी शब्द वापरत नाही. ‘विश्लेषण करतो’, ‘मत व्यक्त करतो’ ही पळवाट तिथे मिळत नाही, काहीतरी खरं क्रियापद शोधावंच लागतं. तुमच्या घरी तावडी बोलत असतील, गुजर बोली असेल, पावरी असेल, तर तिच्यात विचारा.

सहावी तपासणी : ऑप्शनच्या प्रत्येक शब्दाला उताऱ्यात घर आहे का?

एसटीच्याच उताऱ्यावर हे ऑप्शन घ्या.

अ) समोरच्याने दिलेली माहिती खोटी असल्याचं दाखवून त्याचा निष्कर्ष फेटाळतो.
आ) समोरच्याची माहिती मान्य करून त्याने विचारात न घेतलेली बाब पुढे ठेवतो.
इ) काही प्रवाशांच्या अनुभवावरून सर्व प्रवाशांबद्दल अनुमान काढतो.
ई) समोरच्याच्या प्रस्तावाऐवजी दुसरा उपाय सुचवतो.

‘अ’ला फसणारे खूप. ‘फेटाळतो’ला घर आहे, लेखक खरंच बंदी फेटाळतो. ‘निष्कर्ष’लाही घर आहे. पण ‘खोटी’ हा शब्द घेऊन उताऱ्यात फिरा. कुठेच जागा मिळत नाही, उलट लेखक ‘हे खरं’ म्हणतो. एका बेघर शब्दाने सगळा ऑप्शन पडतो. ‘ई’मध्ये ‘उपाय’ बेघर आहे, लेखकाने उपाय सुचवलेलाच नाही. ‘इ’मधल्या ‘अनुभव’ आणि ‘सर्व’ या दोघांचीही तीच गत. ‘आ’ घ्या: ‘मान्य करून’ हे दुसऱ्या ओळीत, ‘विचारात न घेतलेली बाब’ तिसऱ्या ओळीत.

उत्तराची टक्केवारी लावू नका. ‘अ ऐंशी टक्के बरोबर आहे’ असं म्हणणारा मुलगा बुद्धीने कमी नसतो. शाळेत अर्ध्या उत्तराला अर्धे गुण मिळत आले, त्याची ती सवय आहे. इथे ऐंशी टक्के बरोबर म्हणजे चूक.

सातवी तपासणी : एकमेकांसारख्या दिसणाऱ्या पद्धती

वरचं सगळं करूनही चुकत असेल, तर तुमची पद्धतींची ओळखच कच्ची आहे, आणि ती यादी पाठ करून पक्की होत नाही. एकाच म्हणण्याला निरनिराळी उत्तरं देऊन बघायची. मी वर्गात रावेरकडची केळी घेतो. टिश्यू म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं, मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला लावलेली बाग, करपा म्हणजे पानांवर ठिपके पाडणारा रोग. एक शेतकरी म्हणतो:

‘यंदा मी टिश्यूची रोपं लावली आणि मृगबागेवर करपा आला. टिश्यूमुळेच करपा येतो.’

आता बांधावरचे लोक काय म्हणतात ते ऐका.

पहिला: ‘यंदा पावसाने उघडीप दिलीच नाही, पानं दिवसेंदिवस ओली होती. ओल्या पानावर करपा धरणारच.’
दुसरा: ‘माझी बाग कंदांची. टिश्यूचं एक रोप नाही. माझ्याकडेही करपा आहे.’
तिसरा: ‘यावलच्या पाव्हण्यांनी पूर्ण टिश्यू लावली, एका पानावर डाग नाही.’
चौथा: ‘टिश्यूने करपा येत असता तर तालुक्यातल्या निम्म्या बागा आज जळालेल्या दिसल्या असत्या. दिसताहेत का?’
पाचवा: ‘नर्सरीवाल्याचे पैसे द्यायचे राहिलेत तुझे, म्हणून रोपांना नावं ठेवतोस.’
सहावा: ‘हा करपाच नाही. ठिपके कुठेत? जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळल्यात, पालाश (पोटॅश) कमी पडलंय.’

सहाही जण विरोधच करताहेत, म्हणून मुलांना सहाही एकच वाटतात. पण हरेकाचं हत्यार वेगळं.

पहिला आणि सहावा यांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पहिला करपा आला हे मान्य करतो आणि कारण बदलतो. सहावा करपा आला हेच मान्य करत नाही, समोर दिसणाऱ्या पानाचा अर्थच वेगळा लावतो. ऑप्शनमध्ये पहिल्याला ‘पर्यायी कारण’ म्हणतील, सहाव्याला ‘पुराव्याचा वेगळा अर्थ’ किंवा ‘आधारविधानावर आक्षेप’. विचारायचा प्रश्न एकच: घडलं ते कबूल आहे का?

दुसरा आणि तिसरा दोघंही नियम मोडणारं उदाहरण देतात, पण नियमाची वेगवेगळी बाजू मोडतात. हे समजायला मराठीतला ‘च’ फार उपयोगी पडतो. ‘टिश्यूमुळे करपा येतोच’ आणि ‘टिश्यूमुळेच करपा येतो’ ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा. ‘येतोच’ म्हणणाऱ्याला तिसरा पाडतो: टिश्यू आहे आणि करपा नाही. ‘मुळेच’ म्हणणाऱ्याला दुसरा पाडतो: टिश्यू नाही आणि करपा आहे. आपल्या शेतकऱ्याने ‘मुळेच’ म्हटलंय, म्हणून त्याला नेमका लागतो तो दुसरा. इंग्रजी पेपरात ‘पुरेशी अट’ आणि ‘आवश्यक अट’ असं जे येतं आणि ज्याच्यापुढे भलेभले हात टेकतात, ते हेच आहे. ‘च’ कुठे बसलाय ते बघा. मी मुलांना इंग्रजी वाक्य मनात मराठीत आणून ‘च’ची जागा ठरवायला लावतो. ‘इफ’ आलं की ‘च’ परिणामाला: टिश्यू असली तर करपा येतोच. ‘ओन्ली इफ’ आलं की ‘च’ अटीला: टिश्यू असली तरच करपा येतो. याच्यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली तरी ती वाया जात नाही.

तिसरा आणि चौथा. तिसऱ्याकडे प्रत्यक्ष बाग आहे, नाव-गाव आहे. चौथा आधी समोरच्याचं खरं धरतो, त्यावरून काय व्हायला हवं होतं ते काढतो आणि तसं झालेलं नाही म्हणून मागे येतो. ‘असता तर… असतं’ हा सांधा दिसला की ती चौथ्याची चाल.

पाचव्याबद्दल फार सांगायला नको. तो रोपाबद्दल काहीच बोलत नाही, माणसाबद्दल बोलतो.

साम्य आणि उदाहरण ही दुसरी दुखरी जागा. विहिरीचा उतारा आठवा. तिथे विहीर एकीकडे, वाचनालय दुसरीकडे, आणि पहिल्यावरून दुसऱ्याकडे उडी. ते साम्य. आता हे वाचा: ‘सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूची निगा कोणीच राखत नाही, गावची विहीरच बघा.’ विहीर तीच, पण आता ती सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूंपैकीच एक आहे. हे उदाहरण. एकाच टोपलीतलं काढून दाखवलं तर उदाहरण, दुसरी टोपली शेजारी आणून ठेवली तर साम्य.

‘जसं’ या शब्दावर विसंबू नका, तो दोन्हीकडे येतो. आपल्या न्यायशास्त्रातलं प्रसिद्ध अनुमान घ्या. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. हा पर्वतही तसाच धुराचा. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन असे पाच अवयव. यातल्या स्वयंपाकघराला ‘जसं’ लागलंय, तरी नैयायिक त्याला उदाहरणच म्हणतात, कारण ते ‘जिथे धूर तिथे अग्नी’ या नियमाच्या टोपलीतलं आहे. गाय पाहिलेल्या माणसाला ‘गवय गाईसारखा असतो’ असं सांगितलं आणि त्यावरून त्याने रानात गवय ओळखला, तर त्याला उपमान म्हणतात आणि ते वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं वेगळं साधन, धरतात. हा भेद इतका जुना आणि इतका स्वच्छ आपल्या घरात पडलेला आहे. अमळनेरात तर १९१६ साली प्रतापशेठजींच्या पुढाकाराने खास तत्त्वज्ञानासाठी तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. इथली मुलं त्या भिंतीवरून रोज सायकलने जातात आणि साम्य-उदाहरणात अडकतात, तेव्हा मला हळहळ वाटते. म्हणून ते पाच अवयव मी फळ्यावर लिहितोच.

उरलेलं थोडक्यात. उदाहरणं आधी आणि नियम नंतर असेल तर सामान्यीकरण. नियम आधी आणि एकाच घटनेवर तो लावला असेल तर तत्त्वाचा वापर. एकेक शक्यता कापत शेवटचीवर थांबला तर निरसन. कोणा जाणकाराच्या शब्दावर टेकला तर अधिकाराचा आधार.

आठवी तपासणी : चुकांची वही

ही सगळ्यात अवघड, कारण तीन आठवडे लागतात आणि दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतोच. रोज दहा प्रश्न. चुकलेल्या प्रत्येकासाठी तीन ओळी: मी पट्टी ठेवून कोणतं वाक्य बोललो, कोणता ऑप्शन घेतला, त्यात बेघर शब्द कोणता होता. बरोबर उत्तर का बरोबर, हे लिहू नका, ते पुस्तकात छापलेलं असतं. समासात वरच्या तपासणीचा आकडा टाका. दर रविवारी आकडे मोजा. कोणाच्या वहीत एकच एक येतात, कोणाच्या सातच सात. त्या आकड्याने ठरतं की पुढच्या आठवड्यात नेमकं काय करायचं.

कुठे थांबायचं

तीन आठवडे, रोज दहा, वही प्रामाणिकपणे भरलेली, आणि तरी चुका तेवढ्याच? थांबा. आणखी दोनशे प्रश्न सोडवून ते सुटणार नाही, चुकीची सवय घट्ट होईल. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसासमोर बसा आणि प्रश्न सोडवताना मनातलं सगळं मोठ्याने बोला. जवळच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असतील तर त्यांना विचारायला लाजू नका. अशा दोन बैठकींत जे सापडतं ते एकट्याने महिनाभर शोधूनही सापडत नाही.

उताराच कळत नसेल तर हे प्रश्न आजपासून बंद करा. आधी भाषेचं काम, इंग्रजीच्या शिक्षकांकडे, चार-सहा महिने. यात कमीपणा नाही, पण क्रम उलटा केला तर दोन्ही वर्षं जातात.

पेपर समोर आला की छाती धडधडते, डोळ्यासमोर अंधारी येते, रात्र-रात्र झोप लागत नाही, जेवण सुटलंय, असं असेल तर रीझनिंगचा मास्तर त्याला कामाचा नाही, मीसुद्धा नाही. घरात सांगा, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हे काम परीक्षेनंतर करू म्हणून ठेवू नका.

आणि ओळी सुटत असतील, अक्षरं उलटसुलट दिसत असतील, वाचून डोकं दुखत असेल तर आधी डोळे तपासा. चष्म्यानेही फरक पडला नाही आणि लहानपणापासून वाचन-लेखनात असाच त्रास असेल, तर जिल्हा रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या तपासणीबद्दल विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत सवलती मागता येतात. फक्त प्रमाणपत्राला वेळ लागतो, अर्जाच्या तारखेच्या खूप आधी निघा.

दोन वर्षांपूर्वी धरणगावची एक मुलगी यायची. तिच्या वहीत सगळीकडे सहाच सहा. शब्दाचं घर तिला सापडायचंच नाही. मी महिनाभर ऑप्शन वाचण्याची पद्धत बदलायला लावत राहिलो. एका संध्याकाळी लाइट गेली, बॅटरीच्या उजेडात तिने उतारा मोठ्याने वाचला आणि तिसऱ्या ओळीवरून थेट पाचव्या ओळीवर गेली. मी पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा तेच झालं. चौथ्या ओळीत ‘पण’ होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना फोन केला, त्या आठवड्यात जळगावला डोळे तपासून आले. चष्मा लागल्यावर सव्वा महिना ती माझ्याकडे होती. त्या सव्वा महिन्यात तिच्या समासात सहाचा आकडा दोनदा आला.